स्विच, लाईट आणि सात आणे

औरंगपुऱ्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मी "स्विच लाईट आहे का?" असं विचारलं, तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी एवढंच विचारलं, "सहा अँपिअर का सोळा?"

चूक माझी होती. त्याआधी पैठण गेटची चार मोबाइलची दुकानं झाली होती आणि चौथ्या दुकानातल्या पोराने मान वर न करता "वो इलेक्ट्रिकवाले के पास मिलेगा, अंकल" असं सांगितलं होतं. सांगितलेला रस्ता मुकाट धरणाऱ्यांपैकी मी एक. मी म्हटलं, "अँपिअरचं माहीत नाही. लहान मुलासाठी पाहिजे."

गृहस्थ दचकले. "लहान मुलाच्या हाताला येईल असा लावूच नका. वर घ्या, साडेचार फुटांवर."

"तो हातात धरून खेळायचा असतो."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी तसाच होतो. मग मी मोठ्या माहितगाराच्या थाटात म्हणालो, "फक्त टीव्हीला जोडता येत नाही म्हणे."

"का नाही येणार? कोण सांगितलं तुम्हाला?" आता त्यांच्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी लाल दिव्याचा एक स्विच काढून माझ्यापुढे आपटला. "हा घ्या. स्विच पण आहे, लाईट पण आहे. कशालाही जोडा."

दुकानदाराचा इतका वेळ खाऊन काही न घेता बाहेर पडणं मला जमत नाही. पंचेचाळीस रुपये दिले आणि निघालो.

हे सगळं भाच्यामुळे. दिवाळीच्या सुटीत तो पुण्याहून आला. वय वर्षं बारा. पाठीवरची सॅक न उतरवता म्हणाला, "मामा, भाऊबीजेला स्विच टू घेऊन दे ना."

"भाऊबीज बहिणीला घालतात."

"मी आईच्या वतीनेच आलोय."

आता ज्यांच्या घरी बारा वर्षांचं कोणी नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा. जपानातल्या क्योटो शहरात निंटेंडो नावाची कंपनी आहे. १८८९ मध्ये ती सुरू झाली ती पत्ते बनवायला. म्हणजे सुरुवात अगदी आपल्यातली. या कंपनीने मार्च २०१७ मध्ये स्विच नावाचा व्हिडिओ गेम काढला. घरी असताना तो टीव्हीला जोडायचा, बाहेर पडताना उचलून हातात घ्यायचा. घर ते हात, हात ते घर असा पालटता येतो, म्हणून नाव स्विच. तेव्हाची किंमत तीनशे डॉलर. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याचं धाकटं भावंड आलं, स्विच लाईट. तेव्हाची किंमत दोनशे डॉलर. सव्वासहा इंचांच्या आसपासचा पडदा साडेपाच इंचांवर आला, बाजूचे निघणारे रिमोट कायमचे चिकटले आणि टीव्हीला जोडायची सोय गेली. म्हणजे ज्या गुणावरून नाव पडलं तेवढाच गुण काढून टाकला आणि नाव ठेवलं. निवृत्तीनंतरही दारावर 'कार्यकारी अभियंता' अशी पाटी ठेवणारे गृहस्थ आमच्या सिडकोत बरेच आहेत, त्यामुळे मला यात काही वावगं वाटलं नाही.

जून २०२५ मध्ये स्विच टू आला. पडदा ७.९ इंच, वजन अर्ध्या किलोच्या वर आणि तेव्हाची किंमत साडेचारशे डॉलर. आपल्या रुपयांत हे चाळीस हजारांच्या घरात जातं. शिवाय ही कंपनी आपल्या देशात अधिकृतपणे तो विकत नाही. आपल्याकडे तो येतो तो कोणाच्या तरी परदेशातल्या मेव्हण्याच्या बॅगेतून, मोज्यांच्या जोडीत गुंडाळून. वर त्यातला एकेक खेळ वेगळा विकत घ्यायचा. गाड्या पळवायच्या एका नव्या खेळाचे ऐंशी डॉलर. सात हजार रुपयांत आमच्या पिढीने खऱ्या गाड्या पळवल्यात, सेकंडहँड का होईना.

चाळीस हजार ऐकल्यावर मी ते वाक्य उच्चारलं, जे आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय: "थांब जरा. छोटा येणार आहे."

या वाक्यावर आमच्या वडिलांनी रंगीत टीव्ही चार वर्षं लांबवला होता. फ्रीज अडीच. वाक्याची खुबी अशी, की त्यात नकार कुठेच नाही. उलट तुमच्याच भल्याची माहिती आहे. समोरचा रागावू शकत नाही, फक्त वाट बघू शकतो. आणि वाट बघायची सवय आमच्या गावाला आहेच. नळाला पाणी आज येणार की परवा, रात्री दोनला की पहाटे पाचला, हे अंदाज बांधण्यात इथल्या बायामाणसांचा हात कोणी धरणार नाही. एवढं मोठं जायकवाडीचं धरण पन्नासेक किलोमीटरवर भरून वाहत असतं आणि आम्ही बादल्या ओळीने मांडून भविष्य वर्तवत असतो.

"खरंच येणार?" भाच्याने विचारलं.

"पहिल्याचा आला की. मग दुसऱ्याचा का नाही येणार?"

दुसऱ्या दिवशी त्याचं मन रमवायला मी त्याला बीबीच्या मकबऱ्यावर घेऊन गेलो. लांबलचक हौद, कारंजी, चार मिनार, मागे डोंगर. तो दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मामा, हा ताजमहालचा लाईट आहे."

मला मकबरा लहानपणापासून पाठ आहे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच नेतो आणि ताजमहाल न पाहिलेल्या माणसाने ताजमहालाबद्दल बोलावं तसं बोलतो. पण इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं. हकिगत थोडक्यात अशी. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू १६५७ मध्ये वारली. तिचा मुलगा आझमशहा याच्या नावावर ही इमारत आहे. आजोबांनी आजीसाठी आग्र्याला काय बांधलंय हे नातवाला ठाऊक होतं. त्या बांधकामाचा खर्च तीन कोटी वीस लाख सांगतात. आता औरंगजेबाबद्दल मराठी माणसाच्या तोंडून चांगला शब्द निघत नाही, माझ्याही निघणार नाही. पण मुलाने आग्र्याचा नकाशा पुढे केला तेव्हा त्या बापाचा चेहरा कसा झाला असेल, याची कल्पना मला चाळीस हजारांचा आकडा ऐकल्यापासून करता येते.

मकबऱ्याचा खर्च 'तारीखनामा' या जुन्या ग्रंथात दिलाय: ६,६८,२०३ रुपये ७ आणे.

या सात आण्यांवर माझा फार जीव आहे. सहा लाख अडुसष्ट हजार समजू शकतो. दोनशे तीनही समजू शकतो. पण मोगल बादशाही, आईची समाधी, आणि शेवटी कोणीतरी कारकून दिव्याच्या उजेडात बसून म्हणतोय, हुजूर, वरचे सात आणे कशात धरायचे? ताजमहालाच्या हिशेबात आणे असतील असं वाटत नाही. तिथे उरलेले आणे विचारायची कोणाची छाती झाली असती? हिशेबात आणे आले की समजावं, ही वस्तू लाईट आहे.

काटकसर केली कुठे, तेही बघण्यासारखं आहे. खाली भिंतीचा पट्टा संगमरवरी. वर घुमट संगमरवरी. मधला सगळा मजकूर आपला काळा दगड आणि त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. जवळ जाणाऱ्याचा हात लागतो तिथे संगमरवर, लांबून येणाऱ्याची नजर जाते तिथे संगमरवर. अधेमधे कोण बघतं? स्वस्तातली वस्तू करण्याची विद्या ती हीच, आणि ती आमच्या बेगमपुऱ्यात साडेतीनशे वर्षं उघड्यावर मांडून ठेवलीय. कारागीरही परके नव्हते. दारावरच्या लेखात वास्तुकार म्हणून अताउल्लाचं आणि अभियंता म्हणून हंसपत रायचं नाव आहे. हा अताउल्ला म्हणजे उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा, आणि ताजमहालाचा वास्तुकार म्हणून त्याच अहमद लाहोरीचं नाव घेतात. म्हणजे कंपनी तीच, फक्त दुसरी पिढी.

भाच्याने मोबाइलवर भागाकार केला. "मामा, ताजच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शात झालाय हा."

"मग? निंटेंडोने काय केलं? तीनशेचे दोनशे. म्हणजे फक्त तिसरा हिस्सा कापला. त्यांना लाईट करता येत नाही."

"याच हिशेबाने स्विच टूचा लाईट काढला तर…" त्याने परत बोटं चालवली. "आठशे तेहतीस रुपये!"

हा आकडा ऐकून मला एकदम उमेद आली. आठशे तेहतीस मी उभ्या उभ्या दिले असते. वरचे सात आणेसुद्धा.

तिथून माझी जी गाडी सुटली ती थांबेना. म्हटलं, बाळा, तू लाईटच्या माहेरी आलायस. किनखाब माहीत आहे? रेशमावर सोन्याचांदीच्या जरीचं काम. राजेलोकांचं कापड. ते ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी या गावाने रेशमात सूत मिसळून हिमरू विणलं. फारसीत 'हमरू' म्हणजे सारख्या चेहऱ्याचं. नावातच कबुली. (आता हातमागावरच्या खऱ्या हिमरूची शाल विचारायला जा. दुकानदार ती दाखवेल आणि आपला चेहरा बघून यंत्रमागावरची काढेल. लाईटचाही लाईट.) दौलताबादला राजधानी हलवणाऱ्या मुहम्मद तुघलकाने तर चांदीच्या टंक्याची स्वस्तातली आवृत्ती काढली, तांब्यापितळेची. किंमत चांदीचीच धरायची असा हुकूम. लोकांनी घरोघरी टांकसाळी घातल्या आणि शेवटी त्याला खजिन्यातून खरी चांदी देऊन तो खोटा ढीग परत घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशी वेरूळ केलं. सोळा नंबरचं कैलास लेणं बघून भाचा गप्प झाला, तसे सगळेच होतात. मग मी त्याला पुढे जैन लेण्यांकडे, तीस नंबरला नेलं. त्याचं नावच छोटा कैलास. तोच साचा, तोच थाट, आकार लहान आणि काम अर्धवट सुटलेलं. तो आत फिरून आला.

"याचं पुढचं अपडेट आलंच नाही?"

"नाही."

"हजार वर्षं?"

"हजारावर."

तो बराच वेळ विचारात होता. छोटं येणार म्हणून घोषणा होते, काम सुरूही होतं आणि मग पूर्ण होत नाही, हा धोका त्याने हिशेबात धरला नव्हता. मी मात्र मनात एक नोंद केली. हे वाक्य मी वाटतं त्याहून जास्त दिवस वापरू शकतो.

खरं सांगायचं तर आमचं बालपणच लाईट आवृत्तीवर गेलं आणि ती लाईट आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्याकडे जो व्हिडिओ गेम होता तो निंटेंडोच्याच जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल होती. आम्हाला वाटे तोच मूळ. टीव्ही व्हिडिओकॉनचा, इथल्याच चितेगावात बनलेला, म्हणजे घरचा माणूस. त्याला लाल-काळ्या रिमोटांचं ते डबडं जोडायचं, कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची, परत खुपसायची. फुंकर का मारायची हे कोणाला माहीत नव्हतं, पण न मारणारा पोरगा संस्कारहीन समजला जाई. कॅसेटवर छापलेलं असे '९९९९९९९ इन १'. आत खेळ पाच. उरलेले सगळे त्याच पाचांचे पुनर्जन्म: तोच मारिओ, पण सुरुवात तिसऱ्या पायरीपासून, तोच रणगाडा, पण रंग हिरवा. तुघलकाच्या टंक्यावर आकडा चांदीचा आणि धातू पितळ. आमच्या कॅसेटचं घराणं तेच.

आणि हातातला गेम म्हणाल तर तो कर्णपुऱ्याच्या यात्रेत मिळे. नवरात्रात देवीचं दर्शन घ्यायचं, पाळण्यात बसायचं आणि येताना ब्रिक गेमसाठी भोकाड पसरायचं, असा क्रम होता. राखाडी पडदा, वरून पडणाऱ्या विटा, दोन पेन्सिल सेल. त्याच्याही आधी पाण्याचा गेम: प्लॅस्टिकच्या पेटीत पाणी, बटण दाबलं की रिंगा उडायच्या आणि खुंटीवर बसायच्या. बसायच्या नाहीतच, पण आशा असे. त्याला सेल लागत नसत, चार्जिंग लागत नसे, लाईट गेली तरी चाले. आणि लाईट जायचीच. हा 'लाईट' शब्द आम्ही आयुष्यभर 'गेली' या क्रियापदाबरोबर वापरलाय. 'लाईट येणार आहे' या वाक्यावर आमचा विश्वास चटकन बसत नाही तो त्यामुळे.

रात्री गच्चीवर शेजारचे आजोबा आले. वाळूजच्या कारखान्यात पुरवठादारांकडून पार्ट घेण्याच्या खात्यात त्यांची नोकरी गेली. एकेका पार्टात चार आणे, आठ आणे कापणं हे त्यांचं आयुष्याचं काम, आणि निवृत्तीनंतर कापायला काही उरलं नाही म्हणून ते हैराण असतात. भाच्याने त्यांच्यापुढे स्विच टूचं चित्र धरलं.

"आजोबा, याचा स्वस्तातला काढायचाय. काय कापाल?"

आजोबांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या नातीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "हे बाजूचे निघतात का? कशाने बसतात?"

"लोहचुंबकाने."

"काढ. चिकटव. हे मागे काय? उभं करायची पट्टी? काढ. टेबलावर घासून याचा माऊस होतो म्हणतोस? कशाला पाहिजे? काढ. टीव्हीची पेटी तर आधी काढ. हलणारा पार्ट म्हणजे खर्च, लिहून ठेव. बिजागरी दिसली की पहिली उपटायची."

मी चाट पडलो, कारण निंटेंडोने नेमकं हेच केलंय. त्यांच्याकडे थ्रीडीएस नावाचं बिजागरीचं, मिटणारं यंत्र होतं, त्यात चष्म्याविना त्रिमिती चित्र दिसे. २०१३ मध्ये त्याची स्वस्त आवृत्ती काढताना त्रिमिती काढली, बिजागरी उपटली, यंत्र शाळेच्या पाटीसारखं सपाट केलं आणि नाव ठेवलं टूडीएस. नावातला आकडासुद्धा एकाने कापला. आमच्या आजोबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांच्याकडे कोणी वाळूजचा असेल."

नव्हता, पण त्याच गोत्राचा एक होता. गुनपेई योकोई. निंटेंडोत यंत्रांच्या देखभालीवर लागलेला माणूस. रेल्वेत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला पाहून त्याला हातातल्या खेळाची कल्पना सुचली, असं सांगतात. १९८० मध्ये त्याने कॅल्क्युलेटरच्याच जातीचा पडदा वापरून गेम अँड वॉच काढला, १९८९ मध्ये गेम बॉय. शिळं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा हा त्याचा मंत्र. दुसऱ्या कंपन्या तेव्हा हातातल्या खेळात रंगीत पडदे देत होत्या आणि ते सहा-सहा सेल काही तासांत फस्त करत. याने हिरवट-राखाडी पडदा दिला, सेल चार, पण चालायचे दिवसच्या दिवस. बाजी त्यानेच मारली. रात्रीच्या पोळीचा सकाळी चुरा करून तो आदल्या दिवशीच्या पोळीपेक्षा चविष्ट लागावा, ही किमया आपल्या आयांना योकोईच्या आधीपासून येते, फक्त त्यांनी जगभर विकली नाही.

गच्चीवरची सभा रंगत गेली. आमच्या आईचं म्हणणं, आधी आवाज कापा. बँकेत हिशेब तपासणीत असलेली बायको म्हणाली, "चार्जर काढतील बघा. मोबाइलवाल्यांनी काढला तेव्हा कोण काय बोललं?" आजोबांनी डबीतून तंबाखू काढत पडदा सात इंचांवर आणला. मी सव्वासहावर अडून बसलो. हे यंत्र कोणी जाहीर केलेलं नाही, करेल की नाही ठाऊक नाही, पण रात्री साडेअकरापर्यंत आम्ही त्याचा रंगसुद्धा ठरवला होता: पिवळा. आजोबांना राखाडी हवा होता, "मळ दिसत नाही." त्यावर आईने आजोबांची बाजू घेतली.

भाचा एकटाच हळूहळू गप्प होत गेला. मग म्हणाला, "तुम्ही सगळं कापलंत. मग उरलं काय?"

आजोबांनी चित्राकडे पाहिलं, चष्मा वर केला. "पडदा आणि बटणं. घुमट आणि खालची पट्टी."

मकबरा त्यांनीही लहानपणापासून पाहिलेला आहे.

पुण्याला परत जायच्या सकाळी भाच्याने एका कागदावर भाकीत लिहिलं: 'पडदा ७ इंच. किंमत ३०० डॉलर. टीव्हीला जोडता येणार नाही. मामा घेऊन देणार.' शेवटच्या वाक्याखाली माझी सही घेतली आणि कागद आमच्या फ्रीजवर चुंबकाने लावला. कापलेल्या पार्टातलं तेवढं एक चुंबक वापरात आलं.

औरंगपुऱ्यातून आणलेला तो पंचेचाळीस रुपयांचा स्विचही वाया घालवला नाही. वायरमन बोलावून हॉलमध्ये साडेचार फुटांवर बसवून घेतला. दाबला की लाल दिवा लागतो. टीव्ही त्यालाच जोडलाय. कोणाला टीव्हीला जोडता येणारा स्विच लाईट हवा असेल तर दुकानाचा पत्ता मी देतो. जाताना अँपिअर तेवढं विचारून जा.